वरचं खालच्यावर

परवा पुन्हा माझ्या केसांत घराच्या फटी बुजवायचं काळं सीलंट अडकलं. ज्यांनी हा पदार्थ हाताळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: डांबर आणि फणसाचा चीक यांचं लग्न लावून दिलं तर जे पोर होईल ते हे. वाळत नाही. कधीच वाळत नाही, आणि तोच त्याचा गुण समजला जातो. साबणाने हलत नाही, शाम्पूने फक्त पसरतं. शेवटी फणसाच्या चिकावरचा आईचा उपाय केला. वाटीभर खोबरेल तेल चोळून तासभर बसले. राजापूरचा उपाय अमेरिकेच्या उत्तरेतल्या मिनेसोटात लागू पडला. उशीचा अभ्रा मात्र गेला.

"एवढं कशाला करतेस?" असं नवऱ्याने विचारलं. रागाने नाही, अभ्रा नवीन होता म्हणून. त्याला त्या वेळी दिलेलं उत्तर धड नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

गेली तीन वर्षं महिन्यातले दोन शनिवार मी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या बांधकामावर जाते. एरवी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, सेंट पॉलच्या पूर्वेला वुडबरीत राहते आणि तोवर हातोडी फक्त फोटो लावायला वापरली होती. हॅबिटॅटचं नाव इथे सगळ्यांना माहीत असतं, तिकडे अनेकांना नसेल. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना स्वतःच्या मालकीची घरं घेता यावीत म्हणून ही संस्था १९७६ साली जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस नावाच्या गावात मिलर्ड आणि लिंडा फुलर या जोडप्याने सुरू केली. घर फुकट मिळत नाही. कुटुंबाला कर्ज फेडावं लागतं, आणि त्याखेरीज ठरलेले तास स्वतः बांधकामावर राबावं लागतं. उरलेलं काम आमच्यासारखे हौशी लोक करतात. नळ आणि वायरिंग परवाना असलेली माणसंच करतात, त्यामुळे भलत्या शंका नकोत.

खरं तर या संस्थेशी माझी गाठ फार आधी पडायला हवी होती. २००६ साली दिवाळी नुकतीच झाली होती. जिमी कार्टर आणि रोझलिन कार्टर लोणावळ्याजवळ माळवलीला घरं बांधायला आले होते. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष, वय ८२, सोबत देशोदेशीचे दोनेक हजार स्वयंसेवक, आणि आठवड्यात १०० घरं! मी तेव्हा चिंचवडला राहत होते. माळवली म्हणजे आमच्यासाठी लोकलचं एक स्टेशन, कार्ला-भाजे लेण्यांसाठी उतरायचं. ऑफिसात त्या आठवड्यात चर्चा एकच होती: ब्रॅड पिट तिथे विटा-सिमेंट करायला आलाय म्हणतात, सुट्टी टाकून बघायला जायचं का. मी गेले नाही. ब्रॅड पिटचं आकर्षण नव्हतं असं नाही, पण मला तो सगळा प्रकार जरा दिखाऊ वाटला होता. गवंड्यांच्या देशात विमानाने गवंडी कशाला आणायचे? एका तिकिटाच्या पैशात किती मजुरांचे किती दिवस निघतील, हा हिशोब मी जेवणाच्या टेबलावर मांडला होता आणि माझा मुद्दा सगळ्यांना पटलाही होता.

तो हिशोब मला अजूनही फारसा चुकीचा वाटत नाही. तिथे मजुरी स्वस्त आणि सिमेंट महाग. इथे सगळं उलटं. इथे सुताराचा एक तास इतका महाग असतो की ज्या कामाला कौशल्य थोडं पण वेळ भरपूर लागतो, ते काम धंदेवाईक बांधकामात हमखास उरकलं जातं. फटी बुजवणं हे तसलं काम. ते कोणाला दिसत नाही, घर विकताना त्याचा फोटो निघत नाही, आणि तासन् तास चालतं. हौशी माणसाकडे कौशल्य नसतं, पण शनिवार असतो.

हे समजायला मला एक खिडकी खराब करावी लागली.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. भिंतीचा सांगाडा उभा होता, बाहेरून फळ्या ठोकून झाल्या होत्या आणि त्यावर घराला स्वेटर घालावा तसं पांढरं आवरण गुंडाळलेलं होतं. मला खिडकीभोवती चिकटपट्टी लावायला सांगितलं. चार बाजू, चार पट्ट्या, सोपं काम. मी नेटकेपणाने सगळ्यात आधी वरची पट्टी लावली, मग दोन्ही बाजूंच्या लावल्या. कोपरे इतके सुबक आले होते की मी फोटोही काढला.

आमचा साइट सुपरवायझर सत्तरीला टेकलेला, आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. आवाज कधी चढत नाही. त्याने खिडकी पाहिली, हातातला थंड झालेल्या कॉफीचा कप उचलला आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यावर हळूच ओतला. कॉफी वरच्या पट्टीवरून ओघळली, बाजूच्या पट्टीच्या काठाशी थबकली आणि तिच्या मागे शिरली. थोड्या वेळाने खाली आतल्या लाकडावर तपकिरी थेंब दिसला.

"हे दर पावसात होणार," तो म्हणाला. "भिंत बंद केल्यावर कोणाला दिसणार नाही. दहा वर्षांनी लाकडात बोट रुतेल."

सगळं खरवडून काढलं. मग त्याने क्रम दाखवला. आधी उंबरठ्याची पट्टी, मग खिडकी बसवायची, मग दोन बाजू, शेवटी डोक्यावरची, आणि भिंतीचं आवरण त्याच्याही वरून खाली सोडायचं. प्रत्येक वरची गोष्ट खालच्या गोष्टीच्या अंगावर आली पाहिजे. हे ऐकताना मला जे वाटलं ते लाज आणि हसू यांच्या मधलं काहीतरी होतं, कारण हे मला येत होतं. आठव्या वर्षापासून येत होतं.

आमचं राजापूर तालुक्यातलं घर कौलारू. दर वर्षी मृगाच्या आधी शाकारणी व्हायची. वांदरांनी वर्षभर नाचून फोडलेली कौलं काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, पालापाचोळा झाडायचा आणि कौलं पुन्हा घालत जायची. छपरावर दोन जाणती माणसं, शिडीवर एक, आणि खाली आम्ही पोरांची रांग, हातोहात कौल पुढे देणारी. वाडीतली चार घरं आमच्याकडे यायची, आमची माणसं त्यांच्याकडे जायची. घाटावर याला इर्जिक म्हणतात हे मी पुढे शाळेच्या पुस्तकात वाचलं. आमच्याकडे नाव वगैरे काही नव्हतं, "उद्या जरा हात लावायला ये" एवढंच म्हणायचे. मजुरी म्हणजे दुपारचं जेवण आणि वर चहा. आणि कौलं नेहमी वळचणीपासून आढ्याकडे घालत जायची. खालची ओळ आधी, तिच्यावर वरची ओळ चढलेली. उलटं कोणी केलं तर आप्पा वरूनच ओरडायचे.

त्या रात्री आप्पांना फोन केला. म्हटलं, "आप्पा, इथे खिडकीला पट्टी खालून वर लावतात."

"मग? कौलं आढ्यापासून घालतं कोण?" पलीकडून प्रश्न आला. नंतर थोडं थांबून, "काय गो, इतकी शिकलीस नि हे विसरलीस?"

त्यानंतर मी खिडक्यांचं काम मागून घेऊ लागले.

पाणी बाहेरून येतं, ते एकदा कळलं की कळतं. मला खरा वेळ लागला तो आतून बाहेर जाणारी हवा समजायला, कारण इथे माझं सगळं बालपण आडवं आलं. कोकणात घर बांधायचं म्हणजे वारा खेळता ठेवायचा. समोरासमोर दारं, छपराखाली मोकळी जागा, जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती. कौलांच्या फटींतून धूर निघून जायचा आणि मे महिन्यात माजघरात दुपारी अंधार आणि गारवा असायचा. मिनेसोटात जानेवारीत उणे २५ ते उणे ३० सेल्सियसपर्यंत पारा उतरतो. जमीन इतकी गोठते की पाया इथल्या नियमाप्रमाणे साडेतीन फूट खाली न्यावा लागतो, नाहीतर बर्फ फुगून घरच उचलतं. अशा ठिकाणी हवा खेळती ठेवली तर माणसं राहतील कशी?

थंडी आत शिरते एवढंच माझ्या डोक्यात होतं. सुपरवायझरने सांगितलेली दुसरी बाजू जास्त वाईट आहे. घरात माणसं श्वास घेतात, अंघोळ करतात, भात शिजवतात. ती गरम, दमट हवा फटीतून भिंतीत शिरते, भिंतीच्या थंड अंगाला लागली की तिचं पाणी होतं, आणि ते पाणी भिंतीतच राहतं. बाहेर बर्फ, आत ऊब, मधे सडणारं लाकूड. म्हणून इथे भिंतीत कापूस, म्हणजे ऊब धरणारा कापसासारखा भराव, भरल्यावर आतल्या बाजूने, उबेच्या बाजूने, प्लॅस्टिकचा पडदा ताणतात, आणि त्या पडद्याचे सांधे आमच्या लाडक्या काळ्या सीलंटने जोडतात. प्रत्येक बटणाच्या पेटीभोवती, प्रत्येक वायरच्या भोकाभोवती, प्रत्येक सांध्याला. मुंबईत एसीच्या खोलीत हाच पडदा याच बाजूने लावलात तर भिंत कुजवाल, कारण तिथे दमट हवा बाहेर असते. घर कुठे उभं आहे ते न बघता 'पर्यावरणपूरक' नावाचं सामान विकणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

आता परीक्षेची गोष्ट. घराच्या मुख्य दारात कापडी चौकट बसवतात, तिच्यात एक मोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी करतो. साधारण ताशी तीसेक किलोमीटरचा वारा चारी बाजूंनी घरावर आदळला तर जे होईल ते. मग मोजायचं: या दाबाखाली घरातली सगळी हवा तासात किती वेळा बदलते? मिनेसोटाच्या नियमाप्रमाणे हा आकडा तीनच्या वर जाता कामा नये.

आमच्या एका घरात जिप्समच्या पाट्या चढवायच्या आधी चाचणी घेतली तेव्हा आकडा आला ३.४. दोन शनिवार पंधरा माणसं सीलंटच्या बंदुका घेऊन फिरली होती, आणि ३.४! मी टेस्टिंगवाली, मला नापास होण्याचं वावडं नाही. बाकीच्यांचे चेहरे मात्र पडले. पण पंखा चालू असताना घर स्वतःच बोलतं. हात ओला करून भिंतीजवळून फिरवला की गार सुळका लागतो. तसे आम्ही सगळे हात पुढे करून आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे फिरत होतो. न्हाणीघरातल्या टबामागे एक सुळका सापडला, पोटमाळ्याच्या झडपेला एक. खरा चोर तळघरात होता. तळघराच्या भिंतीवर पहिल्या मजल्याच्या तुळया जिथे टेकतात, तिथे दर दोन तुळयांमध्ये एक खण राहतो. असे कितीतरी खण, प्रत्येकाला चार कडा. त्यातली एक पूर्ण बाजू कोणी तरी विसरलं होतं. कोणी तरी म्हणजे मी. त्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली आणि परत आल्यावर मी दुसरीकडेच कामाला लागले होते.

ते खण मी आणि घराच्या होणाऱ्या मालकीणबाई, दोघींनी मिळून भरले. बाई सोमाली आहेत, रात्रपाळी करून सकाळी थेट साइटवर यायच्या, डोक्याच्या रुमालावर हेल्मेट घट्ट बांधून. आमच्यापैकी अनेक जण गप्पा मारत फोम मारायचे. त्या बोलायच्या नाहीत. एकेका खणाच्या चारी कडा, मग मोबाइलच्या उजेडात पुन्हा पाहायच्या, मग पुढचा खण. मी सहज विचारलं, कंटाळा येत नाही का? तेव्हा त्यांनी आधीच्या भाड्याच्या घराचं सांगितलं. ऑक्टोबर आला की सगळ्या खिडक्यांना आतून पातळ प्लॅस्टिक चिकटवायचं आणि केस वाळवायच्या यंत्राने ताणायचं. वारा सुटला की ते प्लॅस्टिक रात्रभर फडफडायचं, मुलगा घाबरायचा. तरीही फेब्रुवारीतलं हीटिंगचं बिल बघायची हिंमत व्हायची नाही.

मला जे सांगायचंय ते त्या खणात आहे. 'परवडणारं घर' म्हटलं की सगळे किंमत आणि हप्ता बघतात. इथे कुटुंबाचा हप्ता उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये असं बघितलं जातं, आणि ते चांगलंच आहे. पण हीटिंगचं बिल त्या ३० टक्क्यांत बसलेलं नसतं. ते बाहेरून येतं, हिवाळ्यात येतं, आणि त्याच्याशी घासाघीस करता येत नाही. श्रीमंताच्या घराला फट असली तर त्याला खर्च होतो. रात्रपाळी करणाऱ्या बाईच्या घराला फट असली तर फेब्रुवारीत हप्ता चुकतो. दुसऱ्या चाचणीत आकडा आला २.१. बाईंनी तो कागदावर लिहून मागितला. घडी करून पर्समध्ये ठेवला.

सगळंच गोड आहे असं मात्र समजू नका. ज्या कामाला आम्ही पर्यावरणाचं काम म्हणतो त्यात प्लॅस्टिकचा पडदा, फोमचे डबे, चिकटपट्ट्या, विनाइलच्या खिडक्या, सगळं खनिज तेलाचं अपत्य आहे. चिरा, माती, शेण, लाकूड आणि कौल यांच्या घरात वाढलेल्या बाईला हे खुपतं. आमचं जुनं घर पाडलं तर लाकूड आणि कौलं दुसऱ्या घरी जातील, माती मातीत. इथलं घर पाडलं तर काय राहील ते मला बघवणार नाही. पोटमाळ्यावर जो भुसा फवारतात तो जुन्या वर्तमानपत्रांचा असतो, किडीला आणि आगीला अटकाव म्हणून बोरॅक्सच्या जातीचं मीठ मिसळलेला. तेवढाच मला आपला वाटतो. रद्दी घरात ठेवायची सवय आहेच आपल्याला.

आणि नासाडी! हौशी माणूस आठ फुटांचं लाकूड हमखास एक इंच आखूड कापतो. आमच्या सुपरवायझरने त्यावर उपाय काढला आहे. आखूड पडलेले तुकडे तो टाकू देत नाही, एका कोपऱ्यात त्यांचा ढीग असतो. पुढे स्वयंपाकघरातली कपाटं टांगायला किंवा म्हाताऱ्या माणसांसाठी न्हाणीघरात आधाराचा दांडा लावायला भिंतीत आडवे ठोकळे लागतात, ते या ढिगातून. नवं लाकूड त्यासाठी कापलेलं मी पाहिलं नाही. भिंतीतले उभे खांबही १६ इंचांऐवजी २४ इंचांवर बसवले तर लाकूड वाचतं आणि कापसाला जास्त जागा मिळते, कारण लाकडापेक्षा कापूसच ऊब जास्त धरतो. हे आधी डोक्यात शिरत नाही. जाड लाकूड म्हणजे भक्कम आणि भक्कम म्हणजे उबदार असं वाटतं.

बांधकामातून किंवा जुन्या घरांतून निघालेल्या चांगल्या वस्तू विकायला हॅबिटॅटची 'रीस्टोअर' नावाची दुकानं आहेत. त्यातलं पहिलं १९९१ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला निघालं, म्हणजे आमच्या उत्तरेच्या सीमेपलीकडेच. माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या मुठी तिथल्या आहेत. बावीस मुठी, पैकी दोन वेगळ्या. कुठल्या दोन ते आजवर एकाही पाहुण्याच्या लक्षात आलेलं नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मी चिडते, ते म्हणजे कंपन्यांचे गट. सगळे एकाच रंगाच्या टी-शर्टात येतात, पहिला तास फोटोत जातो, मग सगळ्यांना भिंत उभी करायची असते. भिंत उभी करणं म्हणजे दहा माणसांनी मिळून सांगाडा उचलणं, एक-दोन-तीन, टाळ्या. ते दोन मिनिटांत होतं. फटी बुजवायला चला म्हटलं की अचानक सगळ्यांना दुसरी कामं आठवतात. अर्थात माझ्याही कंपनीचा गट आला होता आणि त्या फोटोत मीही आहे, पुढच्या रांगेत.

२०२४ साली मात्र मी स्वतः होऊन टी-शर्ट घातला. कार्टर दांपत्याच्या नावाचा तोच उपक्रम, ज्याला मी माळवलीला पाठ दाखवली होती, त्या वर्षी सेंट पॉलला आला. २९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, ३० घरं. माझ्या घरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर. आता काय सबब सांगणार होते?

जागा होती 'द हाइट्स'. शहराच्या पूर्व टोकाला ११२ एकरांवर पूर्वी गोल्फचं मैदान होतं. मैदान बंद पडलं, जमीन घ्यायची ठरली, आणि माती तपासली तर तिच्यात पारा निघाला. इथल्या लांब हिवाळ्यात बर्फाखाली गवताला बुरशी येते. ती येऊ नये म्हणून गोल्फवाले वर्षानुवर्षं पाऱ्याची बुरशीनाशकं मारायचे. ते हिरवेगार गालिचे! घरं बांधायची तर आधी ती माती काढून जमीन साफ करणं आलं. नवं घर किती वीज वाचवतं हे सगळे विचारतात, पण घर कुठल्या जमिनीवर उभं राहतं हे कोणी विचारत नाही. शहराबाहेर मक्याचं शेत मोडून बांधलेलं घर (माझंच बघा) आणि शहरात, बसच्या रस्त्यावर, कोणीतरी नासवलेली जमीन दुरुस्त करून बांधलेलं घर, यांचा हिशोब वीजबिलात निघत नाही. तिथल्या सगळ्या वसाहतीसाठी जमिनीखालच्या पाण्याच्या साठ्यातली उष्णता वापरणारी सामूहिक यंत्रणाही आखलेली आहे. उन्हाळ्यातली ऊब खाली साठवायची, हिवाळ्यात वर काढायची. आमच्याकडे मे महिन्यात आमसुलं-सांडगे करून पावसाळ्यात काढतात, तशीच कल्पना, पाईप जरा मोठे.

मंगळवारी, १ ऑक्टोबरला, कार्टर १०० वर्षांचे झाले. ते स्वतः जॉर्जियात, घरी होते. रोझलिनबाई आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात गेल्या होत्या. इकडे चिखलात, हेल्मेटं घातलेल्या माणसांनी वाढदिवसाचं गाणं म्हटलं. १९८४ साली हेच दोघे न्यूयॉर्कमध्ये एका मोडक्या इमारतीत १९ कुटुंबांची घरं दुरुस्त करायला बसने गेले होते, तिथून ही परंपरा. मला मात्र त्याआधीचे कार्टर आठवत होते, म्हणजे वाचलेले. फेब्रुवारी १९७७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा हा माणूस स्वेटर घालून टीव्हीवर बसला आणि देशाला म्हणाला की हीटर दिवसा ६५ फॅरनहाइटवर ठेवा, रात्री ५५ वर. लोक हसले. १९७९ मध्ये त्यांनी व्हाइट हाऊसच्या छपरावर पाणी तापवायचे ३२ सौर पट्टे बसवले, १९८६ मध्ये ते उतरवले गेले. पण आमच्या बाजूला पोटमाळ्यात रद्दीचा भुसा फवारायची तयारी चालली होती तेव्हा वाटलं, स्वेटर शेवटी घातला कोणीतरी, माणसाला नाही तर घराला.

पाच दिवसांत घरं पुरी झाली नाहीत, होतील असं कोणी म्हटलंही नव्हतं. कॅमेरे गेल्यावर पुढच्या शनिवारांना पुन्हा आम्ही नेहमीचेच, गुडघ्यांवर बसून, बंदुका घेऊन. डिसेंबरच्या २९ तारखेला कार्टर गेल्याची बातमी आली. साइट सुट्टीची बंद होती. सुपरवायझरचा एक ओळीचा मेसेज आला: शनिवारी तळघराचं काम आहे, गरम मोजे आणा.

गावी गेले होते गेल्या एप्रिलात. वाडीत एकाला घरकुल मंजूर झालंय. सरकारी अनुदान मिळालं तेवढ्यात त्याने बिचाऱ्याने विटांच्या भिंती आणि वर स्लॅब टाकला आहे. दुपारी दोन वाजता आत बसवत नव्हतं. सगळं कुटुंब आमच्या पडवीत येऊन बसलं होतं. मी विचारलं, कौलं का नाही घातलीत? तर म्हणाला, "ताई, शाकारायला माणूस खय हा आता? पोरगे सगळे मुंबईक." त्याला कोण काय शिकवणार? ज्या घराला दर वर्षी आठ हात लागतात ते घर, आठ हात नसलेल्या वाडीत, त्याला परवडणारं नाही. आता तो स्लॅबवर पत्र्याची शेड टाकणार आहे, मधे हवा जायला जागा सोडून. मी म्हटलं, वळचण दोन फूट तरी बाहेर काढ. आप्पांनी खुर्चीतूनच मान हलवली, म्हणजे पसंत.

या जानेवारीत पारा उणे २८ वर गेला त्या सकाळी मी कामाला जाताना वाट वाकडी करून त्या सोमाली बाईंच्या घरावरून गेले. पावसाळ्यात आमच्या वळचणीला पागोळ्या लागायच्या आणि त्यांच्याखाली हात धरून आम्ही उभ्या राहायचो. इथेही पागोळ्या लागतात, गोठलेल्या. छप्पर आतून तापतं, बर्फ वितळतो, काठाशी येऊन पुन्हा गोठतो. चित्रात फार सुंदर दिसतात. पण जिथे पागोळी, तिथे ऊब गळते आहे असं समजायचं.

त्यांच्या घराच्या वळचणीला एकही नव्हती. छपरावर बर्फाचा थर सगळीकडे सारखा, दुलईसारखा. आत स्वयंपाकघरात दिवा होता. दार वाजवावंसं वाटलं, पण रात्रपाळी करून नुकत्याच आल्या असतील म्हणून गाडी वळवली.

संध्याकाळी आमच्या घरासमोर गाडी लावली आणि प्रथमच नीट वर पाहिलं. धंदेवाईक बिल्डरने बांधलेलं, मोठ्या गॅरेजचं, कर्ज अजून सतरा वर्षं राहिलेलं आमचं घर. गॅरेजपासून बेडरूमपर्यंत ओळीने हातभर लांब पागोळ्या. एक तर माझ्या उंचीची.

नवऱ्याला फोन करून बाहेर बोलावलं. तो म्हणाला, "छान दिसतायत, फोटो काढू?"

म्हटलं, "काढ. आणि शनिवारी जुने कपडे घाल, माळ्यावर चढायचंय. उशीला जुना अभ्राही काढून ठेव."